अकरा हंड्यांचं पाणी

सरपणाची मोळी चांदीच्या भावाला गेली, आणि भैरवकोटच्या रणधवल राजांनी ताबडतोब उपाय केला. त्यांनी दवंडी पिटवली!

सातासमुद्रापार दोन बादशहा भांडत होते आणि त्या भांडणात तेलाची गलबतं अडकली होती. तेल महागलं म्हणून लोक लाकडांकडे वळले, तर लाकडंही महागली. तेव्हा दिवाण गुंडोपंतांनी भर दुपारी शंभर समया लावून काटकसरीवर सभा भरवली. ठरलं ते असं: घरटी आठवड्याला एकच मोळी, भाकरी दिवसातून एकदाच भाजायची आणि परटांच्या भट्ट्या आजपासून बंद!

गोजरा परटीण हात जोडून दरबारात उभी राहिली. "महाराज, खारात भिजवलेल्या कापडाला वाफ दिल्याबिगर मळ सुटत न्हाई. भट्टी बंद झाली तर धुवायचं कसं?"

"प्रजेनं थोडं सोसायला शिकावं," राजे म्हणाले. "पण चार दिवसांनी मोठा दरबार आहे. माझा अंगरखा नेहमीसारखा पांढराशुभ्र हवा!"

"वाफेबिगर?"

"ते तू बघ! तुझ्या भट्टीत काडी जळता कामा नये, बाजारातून ढलपी घेता कामा नये. जमलं नाही तर धुण्याचा घाट दुसऱ्याला देईन!"

दुसरा म्हणजे दिवाणांचा मेहुणा, हे सांगायला नकोच. त्या घाटावर परटांची तीस घरं पोट भरत होती. 

दुसऱ्या दिवशी सकाळी ती राजांचे कपडे न्यायला न्हाणीघराशी गेली आणि दारातच थबकली. आत बारा चुलाणं धडधडत होती आणि त्यांच्यावर बारा हंडे खळखळा उकळत होते.

"एवढं पाणी कुणाला, सटवाजीदादा?" तिनं खिजमतगाराला विचारलं.

"राजेसाहेबांना. एक हंडा."

"आन बाकीचं?"

"राजांच्या आजोबांना अकरा भाऊ होते. बाराही जण एकदमच न्हायचे. ते समदे गेले, पर हंडे उतरवायचा हुकूम कुणी दिला न्हाई. त्यात महाराज कधी उठतील त्याचा नेम न्हाई. म्हणून पहाटे पेटलेलं चुलाण दुपारपातूर विझत न्हाई!"

 कपड्यांचं गाठोडं उचलून गोजरा जवळजवळ पळतच घाटावर गेली.

दरबाराच्या दिवशी राजे जांभया देत दुपारी न्हाणीघरात आले आणि उंबऱ्यातच उभे राहिले. अकरा हंड्यांच्या तोंडावर वेताच्या पाट्या होत्या आणि पाट्यांत गावातली धोतरं, लुगडी, लंगोट वाफाळत होते! हंड्यावर काही ठेवू नये असाही हुकूम नव्हता, त्यामुळे सटवाजीनं हरकत घेतली नव्हती. खुंटीवर राजांचा अंगरखा दुधासारखा पांढरा झळकत होता.

"हा काय प्रकार आहे? भट्टी बंद करायला सांगितली होती ना?"

"बंदच हाय की! तिच्यात काल मांजर व्यालीय," पाटीमागून गोजरा म्हणाली.

"राजाच्या न्हाणीघरात रयतेचे लंगोट!" गुंडोपंत ओरडले. "हाकला हिला घाटावरून!"

"महाराज, तुमच्या हंड्याला म्या हात लावला न्हाई. हे अकरा तुमच्या स्वर्गवासी चुलतआजोबांचे. दोन दिस त्यांची वाट बघितली. कुणीच न्हायला आलं न्हाई, तवा कापडं ठेवली!"

राजांनी हंडे मोजले. मग चुलाणांपुढचा लाकडांचा ढीग पाहिला. हळूहळू त्यांचा चेहरा अंगरख्याइतकाच पांढरा पडला.

"घाट तुझाच," ते म्हणाले. "भट्ट्या पेटवा, आणि या अकरा हंड्यांचं सरपण उद्यापासून गावाच्या चुलींना द्या. पण हा माझा एक हंडा? पाणी कढत हवं आणि जाळ मात्र घटकाभरच. दिवाणांना हे सभा भरवूनही जमलं नाही. तुला येतंय का सांगता?"

"येतंय की, महाराज."

"मग सांग!"

"लवकर उठा!"

 गुंडोपंतांनी डोळेच मिटून घेतले. आणि राजे असे खदाखदा हसले की त्यांना चौकट धरावी लागली! हसता हसता त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि गोजराच्या पाटीत, वाफाळत्या लंगोटांवर टाकलं.