कोपऱ्यातले दात

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावात दोन गवंडी होते, थोरला केरबा आणि धाकटा हैबती. केरबाने बांधलेली भिंत पाहून लोक "छान" म्हणत आणि चालू लागत. हैबतीच्या भिंतीपुढे मात्र थबकत, दगडांवरून हात फिरवत. ते दिसलं की केरबाच्या पोटात दुखायचं. त्या दिवशी त्याला जेवण गोड लागत नसे.

एकदा गावाने धान्याचं कोठार बांधायला काढलं. पाठीमागे डोंगराचा कडा होताच. रस्त्याकडची लांब भिंत केरबाच्या वाट्याला आली, बाजूच्या दोन आखूड भिंती हैबतीच्या. केरबा खूश झाला. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणार होती ती त्याचीच भिंत.

हैबती म्हणाला, "केरबादादा, दोन्ही टोकांना एकाआड एक दगड बाहेर काढून ठेवा. असे दात सोडलेत की माझे दगड त्यांत अडकतील. कोपरा एकजीव होईल."

गवंडीकामातला हा पहिला धडा. केरबाने स्वतःच तो कितीतरी जणांना शिकवला होता. पण आज त्याच्या मनात भलतंच आलं. याचे दगड माझ्या भिंतीत घुसणार आणि उद्या लोक म्हणणार, सगळं काम हैबतीचंच.

"माझी भिंत कुणाच्या आधाराला नाही," तो म्हणाला. "तू तुझं बघ."

त्याने दोन्ही टोकं सपाट बांधली. हैबतीच्या भिंती तिथे नुसत्या टेकल्या. मधली फट केरबाने चुन्याने अशी लिंपली की पाटलालाही कळली नाही. हैबतीला कळत होतं, पण थोरल्या माणसापुढे त्याला जास्त ताणवेना.

सुगी झाली, कोठार काठोकाठ भरलं. जोंधळा आतून भिंतीला रेटू लागला. आधी कोपऱ्यातला चुना तडकला. केरबाने ते पाहिलं आणि कुणाला न सांगता पुन्हा चुना भरला. बोलला असता तर कोठार वेळेत रिकामं झालं असतं. पण हैबतीपुढे मान खाली घालणं त्याच्या जिवावर आलं.

काही दिवसांतच केरबाची भिंत अख्खीच्या अख्खी रस्त्यावर आडवी झाली. वर्षभराचा जोंधळा उतारावरून ओढ्यात गेला. कड्यात गुंतवलेल्या हैबतीच्या भिंती जागच्या हलल्या नाहीत.

सारं गाव धावून आलं. त्या दिवशी केरबाच्या भिंतीपुढून कुणी पुढे गेलं नाही. सगळे थांबले, कितीतरी वेळ बघत राहिले. हेच तर त्याला जन्मभर हवं होतं. आता मात्र त्याला तिथे उभं राहवेना.

हैबतीने वाकून एक दगड उचलला. "दादा, या वेळी दात सोडायचे ना?"

केरबाने मान डोलावली. भिंत पुन्हा उभी राहिली, पण त्या वर्षी गावातली मुलं अर्ध्या भाकरीवर निजली, आणि प्रत्येक घरापुढून जाताना केरबाची नजर जमिनीवर असायची.

बोध: मत्सरापायी जो शेजाऱ्याचा आधार नाकारतो, तो एकटाच पडत नाही, आपल्याबरोबर साऱ्यांना पाडतो.