अडलेल्या आमेनाची कहाणी

ऐक प्रभुराया, तुझ्या एका लेकीची कहाणी. आटपाट नगर तर सगळ्यांनाच ठाऊक. त्या नगराच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठी, एक वस्ती होती. वस्तीत कौलारू देऊळ होतं, देवळावर लाकडी क्रूस होता. देवळामागं काळ्या मातीचं शेत होतं. शेत एक, धनी दोन. अर्धं थोरल्या याकोबाचं, अर्धं धाकट्या लूकाचं. मध्ये बांध नव्हता, कुंपण नव्हतं. एक हद्दीचा दगड होता, पाटीएवढा. याकोब भोळा माणूस. दगडाकडे बघून नांगर धरायचा. दगड म्हणेल तिथं माझं संपलं, म्हणायचा.

थोरल्याची बायको दुर्कस, धाकट्याची हन्ना. दुर्कस कशी होती? हाताला उरक होता, गळ्याला गोडवा होता. देवळात गाणं तिनं उचलावं, प्रार्थना संपली की पहिलं आमेन तिनं म्हणावं. असं खणखणीत म्हणावं की मागच्या बाकावरच्या पेंगणाऱ्या म्हाताऱ्या दचकून जाग्या व्हाव्या.

पुढं काय झालं? सासरा अंथरुणाला खिळला. एक नाही, दोन नाही, नऊ वर्षं. दुर्कसनं नऊ वर्षं त्याचं अंथरूण धुतलं, त्याला घास भरवला, कूस बदलून दिली. मग सासरा गेला, वाटणी झाली. विहिरीकडची अंगची ओल असलेली बाजू धाकट्याला गेली, चढाची कोरडी थोरल्याला आली. दुर्कस तोंडानं म्हणाली, देवाची मर्जी. पोटात म्हणाली, धुतलं मी, मिळालं हिला.

मग लूक तापानं गेला. हन्ना विधवा झाली. पदरात दोन लेकरं. लोक तिला आधार द्यायला आले. दुर्कसही आली, गळ्यात पडून रडली. रडताना खिडकीतून विहिरीकडचं हिरवं रान दिसलं. पोटातली कळ काही हलली नाही.

वैशाख आला. टळटळीत दुपार. माणसं घरात, गुरं सावलीला. दुर्कस शेतात गेली. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. पहार घातली, दगड उपटला, चार पावलं हन्नाच्या अंगाला सरकवला, माती दाबली, घरी आली, हात धुतले. कुणी पाहिलं नाही. पाहिलं एकानं. तो बोलला नाही.

पेरणी झाली. याकोब म्हणाला, "यंदा बी कसं गं कमी पडलं?" दुर्कस म्हणाली, "उंदरांनी खाल्लं असेल." याकोबाला पटलं.

मग पहिल्या कणसांचा सण आला. वस्तीत हा सण मोठा. ज्यानं त्यानं आपल्या शेतातली पहिली पेंढी डोक्यावर घ्यावी, डफ वाजवत देवळात यावं, वेदीपुढं ठेवावी. दुर्कसनं सगळ्यांत भरघोस पेंढी आणली. पाळकांनी हात उंचावले, उपकार मानले, प्रार्थना संपली. सगळे दुर्कसच्या आमेनाला थांबले. दुर्कसनं तोंड उघडलं. आ झाला, मेन येईना. गिळलेला घास अडावा तसं गळ्यात अडलं. लोकांनी वाट पाहिली, मग आपलं आपण म्हणून घेतलं.

दुर्कस घाबरली. काय करावं? कसं करावं? तिनं ठरवलं, काहीतरी टाकावं. देवाला बरं वाटेल. उपवासाचे चाळीस दिवस आले. तिनं गूळ टाकला. चहा कडू प्याली, पुरणपोळी केली पण चाखली नाही. आमेन काही येईना.

पुन्हा वैशाख आला. दुर्कस म्हणाली, चार पावलं गेलीच आहेत, आणखी चारांनी काय होतंय? दगड सरकला. याकोब म्हणाला, "बी पुन्हा कमी पडलं." दुर्कस म्हणाली, "पाखरांनी खाल्लं असेल." सण आला. आ झाला, मेन नाही. तिनं पायातले चांदीचे तोडे काढले, देवळाच्या घंटेसाठी दिले. पाळकांनी सगळ्यांपुढं तिचं नाव घेतलं. तिला बरं वाटलं. आमेन काही येईना.

त्या साली हन्ना तिच्याकडे आली. दारातच उभी राहिली. म्हणाली, "आक्का, विचारू का? माझं शेत आखडलं का गं? चिंचेपासून दगडापर्यंत आधी नांगराचे जास्त तास बसायचे."

दुर्कस चुलीत फुंकर घालत होती. मान वर न करता म्हणाली, "हन्ने, नवरा गेल्यापासून तुझ्या डोळ्यांचं पाणी आटत नाही. त्या डोळ्यांना सगळंच आखडलेलं दिसायचं."

हन्ना घरी गेली. मग तिनं शेत मोजणंच सोडलं. माझेच डोळे वाईट, म्हणायची.

तिसरा वैशाख आला. दगड तिसऱ्यांदा सरकला. याकोबाचं बी तिसऱ्यांदा कमी पडलं. दुर्कसनं एक वेळचं जेवण टाकलं. अंगानं वाळली, गालफडं बसली. वस्तीतल्या बाया म्हणू लागल्या, काय ती भक्ती! दुर्कस ऐकायची आणि आत जळायची. गाणं तोंडातून गेलं. प्रार्थनेला बसली की डोळ्यांपुढं वेदी येईना. दगड येई.

एक दिवस काय झालं? वस्तीत गुणवंताबाई आली. ही म्हातारी गावोगाव चालत फिरायची, बायांना अक्षरं शिकवायची, शास्त्र वाचून दाखवायची. दृष्टी अधू, कान तिखट. त्या दिवशी दुर्कसच्या घरी उतरली. सगळ्यांसोबत प्रार्थना केली. प्रार्थना संपली आणि म्हातारीनं मान वळवली.

"इथं एकीचं आमेन कमी आलं. कुणाचं?"

दुर्कस तिच्या पायाशी बसली. "माझं, बाई. दोन वर्षं होत आली. गूळ टाकला, तोडे टाकले, जेवण टाकलं. काही होईना."

म्हातारी म्हणाली, "टाकायचं ते टाकलंस, का टाकवेल तेवढंच टाकलंस?"

म्हातारी पुढं म्हणाली,

"तुला एक वसा सांगते. पण उतशील, मातशील, अर्ध्यात सोडशील."

"उतत नाही, मातत नाही, अर्ध्यात सोडत नाही. सांग."

"मग ऐक. रोज पहाटे उठावं, तोंड धुवावं, उघड्या हातांनी बसावं. काही मागू नये. एवढंच विचारावं, प्रभू, तुझ्यामागं चालताना माझ्या पायात काय येतं? जे उत्तर येईल ते टाकावं. आपण निवडू नये. आणि एकदा टाकलं की परत उचलू नये."

म्हातारी पुढच्या गावाला गेली. दुर्कस पहिल्या पहाटे बसली. विचारलं. उत्तर आलं, दगड. दुर्कस म्हणाली, दुसरं काही सांग. दुसऱ्या पहाटे बसली. उत्तर आलं, दगड. दुर्कस म्हणाली, गळ्यातली पोत घे, हवं तर माझं लुगड्यांचं गाठोडं घे. तिसऱ्या पहाटे बसली. दगड. दुर्कस कळवळली. "अरे, लोक काय म्हणतील? घंटेला तोडे देणारी मी! आणि नऊ वर्षं मी अंथरूण धुतलं, ते कुणी मोजायचं?" उत्तर आलं, ते मी पाहिलं आहे. तो दगड ठेव, नाहीतर मला ठेव. दोन्ही एका ओंजळीत मावत नाहीत.

दुर्कस ओंजळ झाकून उठली आणि कामाला लागली.

मग तिसरा सण आला. डफ वाजले, पेंढ्या आल्या, देऊळ माणसांनी फुललं. दुर्कसनं पेंढी वेदीपुढं ठेवली, बाकावर येऊन बसली. शेजारची मार्था कानाशी लागली. "कळलं का गं? हन्ना चालली. शेत पुरेना, लेकरांचं पोट भरेना. भावाच्या गावाला कायमची. ओढ्यापलीकडं गाडी उभी आहे, आत्ता निघेल."

पाळक हात उंचावत होते. दुर्कस उठली! भर प्रार्थनेत उठली. वाटेत पेंढ्या तुडवल्या, कुणाच्या पायावर पाय दिला, दाराबाहेर पडली आणि धावत सुटली.

धावली ती शेतात आली. पहार नाही, कुदळ नाही. हातानं माती उकरली. नखं मोडली, बोटं फुटली. दगड हलेना. "हल रे बाबा, तीन वेळा हललास, चौथ्यांदा हल!" दगड हलला. तिनं पदराची चुंबळ केली, दगड डोक्यावर घेतला आणि ओढ्याकडं धावली. पदराचं भान नाही, चप्पल नाही पायात. वस्तीमधून धावली, देवळासमोरून धावली. लोक दारात आले. "दुर्कसला वेड लागलं! धरा तिला!" डफ बंद पडले. याकोब ओरडला, "अगं, दगड कुठं नेतेस? मी नांगर कशाकडं बघून धरू?" दुर्कस थांबली नाही. अख्खं देऊळ तिच्यामागं धावलं.

ओढ्यापलीकडं बैलांच्या माना जुवाखाली होत्या. लेकरं गाडीत बसली होती. हन्नाचा पाय चाकाच्या आऱ्यावर होता. दुर्कस पाण्यात शिरली. गुडघाभर पाणी, निसरडे गोटे, डोक्यावर दगड. पडली, उठली, पुन्हा पडली, पण दगड सोडला नाही.

"हन्ने, थांब! तुझे डोळे बरे आहेत! डोळे बरे आहेत तुझे!"

हन्ना वळली.

दुर्कसनं तिच्या पायाशी दगड टाकला. धापा टाकत, सगळ्या वस्तीच्या देखत म्हणाली, "शेत आखडलं होतं. मी आखडवलं. तीन वैशाख, चार चार पावलं. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले."

हन्नानं दगडाकडं पाहिलं, जावेकडं पाहिलं. मग म्हणाली,

"मातीचं मला काही नाही, आक्का. माती येते, जाते. पण माझे डोळे तू खोटे केलेस. मी लेकरांना म्हणत होते, तुमची आई वेडी झाली, तिला मोजता येत नाही."

दुर्कस खाली मान घालून उभी राहिली. नऊ वर्षांच्या अंथरुणाचं गाऱ्हाणं तिच्या ओठांवर आलं होतं. ते ती बोलली नाही. गिळलंही नाही. ओढ्यात सोडून दिलं.

हन्ना म्हणाली, "उचल. जिथनं काढलास तिथं लाव. मी बघते."

दुर्कसनं दगड उचलला. याकोब हात द्यायला आला, तिनं देऊ दिला नाही. पुढं दुर्कस, मागं हन्ना, हन्नामागं लेकरं, लेकरांमागं वस्ती. शेतात आल्या. दुर्कसनं बारा पावलं मागं मोजली, मग आणखी चार मोजली, आपल्या स्वतःच्या रानात, आणि खड्डा करू लागली.

हन्ना म्हणाली, "इथं नव्हता."

"असू दे गं. मी घेतलं त्यावर थोडं."

"नको. माझं तेवढं दे. तुझं मला घेववणार नाही. तुझं घेतलं तर उद्या मलाही झोप यायची नाही."

मग दुर्कस चार पावलं परत आली. खड्डा केला, दगड ठेवला, माती लोटली. हन्नानं चिंचेपासून दगडापर्यंत नजर टाकली. खूप वेळ टाकली. मग म्हणाली, "हं. इथंच."

पाळक प्रार्थनेला पुढं झाले, पण त्यांच्या आधी याकोबानं डोक्यावरची टोपी काढली. बाप्तिस्म्यापासून त्यानं चारचौघांत एकदाही प्रार्थना म्हटली नव्हती. म्हणाला, "देवा, बी का कमी पडत होतं ते आज कळलं. मी दगडाकडं बघितलं, भावजयीच्या तोंडाकडं बघितलं नाही. माझंही चुकलं. आम्हांला माफ कर."

आणि दुर्कसच्या गळ्यातून आमेन निघालं! दोन वर्षं अडलेलं, खणखणीत. रानातले बगळे उडाले, हन्नाची लेकरं हसली, मार्था रडायला लागली. डफवाल्यानं विचार न करता डफावर थाप मारली. सण देवळातून निघून शेतात आला. पेंढ्या तिथंच आणल्या, उपकारस्तुती तिथंच झाली.

दुर्कस हन्नाला म्हणाली, "आज घरी जेवायला ये."

हन्ना म्हणाली, "आज नाही येणार. आज माझ्या घशाखाली उतरायचं नाही. पण गाडी सोडते."

दुर्कसला लागलं, पण तिनं हट्ट केला नाही. बैल सुटले. बोचकी पुन्हा घरात गेली. दुर्कस रोज पहाटे उघड्या हातांनी बसू लागली. एक दिवस उत्तर येई, जीभ सांभाळ. एक दिवस येई, वाहवा ऐकायला देवळात थांबू नकोस. जे येई ते टाकी. टाकी आणि गाई. पाऊस पडला, पेरणी झाली. याकोबाचं बी बरोबर पुरलं. हन्नाचं रान वितीवितीनं वाढलं. दोघींच्या घरात दाणा आला. पण हन्ना काही दुर्कसच्या उंबऱ्यावर आली नाही. महिना गेला, दोन गेले, सहा गेले. दुर्कसनं विचारलं नाही, बोलावणं धाडलं नाही. वाट पाहिली.

मग एक दिवस सकाळी दारात सावली पडली. दुर्कसनं मान वर केली. हन्ना वाटी घेऊन उभी होती.

"आक्का," ती म्हणाली, "गाय व्याली आहे. विरजण आहे का गं थोडं?"

दुर्कसनं वाटी घेतली. दही इतक्या घाईनं ओतलं की वाटीत कमी आणि वाटीबाहेर जास्त पडलं. हन्ना ते बोटानं निपटून घेत म्हणाली, "एवढं नको, चमचाभर पुरे." आणि पाटावर टेकली.

जसं दुर्कसचं आमेन सुटलं, तसं तुमचंआमचं सुटो. जशी हन्नाची नजर तिला परत मिळाली, तशी ज्याची त्याला मिळो. उतू नये, मातू नये, टाकलेलं परत उचलू नये. ही साठ उत्तरांची कहाणी, पाच उत्तरांत तुमच्या पदरात घातली. प्रभुराया, ती सुफळ कर, संपूर्ण कर. म्हणा बायांनो, आमेन.