घासलेला तवा

वैद्यकी शिकायला म्हणून एकदा एक तरुण मुलगी कोकणातल्या एका वृद्ध वैद्यबाईंकडे येऊन राहिली. तिचे नाव कालिंदी. बुद्धीने तल्लख, आणि स्वच्छतेची तर तिला भारीच हौस!

पुढे पुढे मात्र तिला धड बसवेना. जांघेत आणि योनीभोवती सारखी खाज, सारखी आग. ती साबणाने धुई. आग वाढली की कढत पाण्यात तुरटी घालून पुन्हा धुई. कातडी सोलवटली, पण सांगायचे कुणाला? शेवटी तिने बोचके बांधले.

"बाई, मी घरी जाते," ती रडू लागली आणि सगळे सांगून बसली. "माझ्याच अंगात घाण आहे. मी दुसरीला कोणत्या तोंडाने औषध देऊ?"

बाईंनी तिला नीट तपासले. मग चुलीजवळचा बिडाचा तवा तिच्यापुढे ठेवला. "जाण्याआधी एवढा राखेने घासून दे. अगदी लख्ख!"

कालिंदी चक्रावली. बिडाचा तवा कुणी असा घासते का? पण गुरूची आज्ञा! तिने घासला. बाईंनी त्यावर घावन घातले, तर ते असे चिकटले की उलथन्यावर नुसते तुकडे आले.

"चिकटणारच की, बाई! मुरलेले तेल सगळे निघून गेले."

"म्हणजे ती घाण नव्हती तर?"

कालिंदीने उलथन्यावरचा एक तुकडा उचलून पाहिला.

"पोरी, त्या नाजूक त्वचेलाही स्वतःचे कवच असते. तू ते खरवडलेस, आणि आग झाली म्हणून आणखी खरवडलेस. आतला मार्ग आपला आपण स्वच्छ होतो, तिथे काही घालायचे नाही. बाहेरून साधे कोमट पाणी, हलका हात, पुढून मागे. मऊ कापडाने टिपायचे, चोळायचे नाही. आतले कपडे सुती आणि सैल. थोडा ओलावा, थोडा वास निरोगी बाईलाही असतोच गं. एवढे करून उतार पडला नाही, तर डॉक्टरीणबाईंना दाखवू. त्यात लाज कसली?"

कालिंदी राहिली. हळूहळू आग शमली, कातडी भरून आली.

पुढे एकदा बाई बाहेर गेल्या असताना एक सासुरवाशीण दारात आली. उंबऱ्यातच घुटमळली. "एक विचारायचे होते... पण कसे सांगू?"

कालिंदीने दार लोटले, तिला जवळ बसवले आणि हळूच विचारले, "आधी सांग, धुतेस कशाने?"