धर जरा ही ताटली

निंबोडी गावात भोळा माणूस एकच होता. बाकीचे सगळे हुशार, त्यामुळे त्या एकट्यावर फार काम पडायचं. त्याचं नाव महिपत. ग्रामपंचायतीच्या टाकीचं पाणी सोडायची नोकरी त्याच्याकडे होती. एकदा सरपंच म्हणाले, "मी सांगेपर्यंत पाणी बंद करायचं नाही," आणि मेव्हण्याच्या लग्नाला निघून गेले. परत आले तेव्हा निंबोडीतली माणसं गुळाच्या काहिलीत बसून, पाण्यावर तरंगत एकमेकांच्या घरी जात होती. महिपत टाकीवर बसून होता. उपाशी, पण शब्दाला पक्का.

असा हा महिपत मालनवर जीव लावून बसला. मालनचंही त्याच्यावर मन होतं. 'थांबा' म्हटल्यावर खरोखर थांबणारा दुसरा पुरुष तिने पाहिला नव्हता.

मालन ही टेमघरेमामांची एकुलती एक लेक. मामांची यात्रा कंपनी होती. पूर्वी ते लोकांना काशीला न्यायचे, आता भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर न्यायचे. त्या बेटावर जुनी देवळं होती, जुनी नगरं होती, आणि खाण्यापिण्याची चंगळ होती. तरी मामांच्या जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत एकच गोष्ट असायची: 'रात्री पिठलं-भात मिळेल.' त्यावरच सगळ्या जागा भरायच्या. पिठलं करायला मालन असायची.

मामांनी महिपतला बोलावून घेतलं.

"यंदा आमच्याबरोबर बेटावर चल. पिठाची पोती उचल. तुझी एक जरी तक्रार आली, तर पोरगी विसर. नाही आली, तर पोरगी दिली."

महिपत घामाघूम झाला. मालनने त्याला अंगणात गाठलं.

"घाबरू नका. बाबा काय सांगतील ते ध्यानात धरायचं, आणि पुढच्या वेळी अगदी तसंच करायचं. एवढं जमेल ना?"

"तसंच करीन," महिपत म्हणाला.

आणि गडी खरोखरच तसंच करायला लागला. सगळं बिघडलं ते तिथून.

बेटावर पोचले. बेटाचं नाव महिपतला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही, तेव्हा आपणही त्या भानगडीत पडायला नको. तिथे इरिनी नावाची वाटाडी मुलगी त्यांना भेटली. ती शिकायला चार वर्षं पुण्यात होती, म्हणून मराठी बोलायची. स्वभावाने फार प्रामाणिक. कोण काय बोललं ते जसंच्या तसं दुसऱ्याला सांगायची. पुढे काय काय झालं त्यात या प्रामाणिकपणाचाही वाटा आहे.

पहिल्या दिवशी सगळे डोंगरावरचं देऊळ बघायला गेले. देवळाला छप्पर नव्हतं, भिंती नव्हत्या, नुसते खांब होते. निंबोडीकरांनी खांबांना नमस्कार केला आणि डबे उघडले. तेवढ्यात मालनच्या लक्षात आलं, ठेचा राहिला. हॉटेलातल्या विजेच्या भोकांत मिक्सरची पिन गेलीच नव्हती.

मामा म्हणाले, "महिपत, जा. एखादा सपाट, घट्ट दगड बघ आणि मिरच्या ठेचून आण."

महिपत गेला. त्याने चांगला दगड शोधला. देवळाच्या मधोमध होता, सपाट होता, मध्ये ठेचायला हवा तसा खोलगट होता. भोवती दोरी बांधलेली होती. दगड कोणी पळवू नये म्हणून बांधली असेल, असं समजून महिपत दोरीखालून आत शिरला. मिरच्या, लसूण, मीठ. ठेचा सुरेख झाला.

शिट्टी वाजली. रखवालदार धावत आला, त्याच्यामागून इरिनी, तिच्यामागून मामा. ज्या वेदीवर त्या काळचे राजे डोकं टेकवायचे, तिच्यावर लसणीची सालं पडली होती. रखवालदाराने जवळ जाऊन नीट पाहिलं आणि त्याला शिंका यायला लागल्या. त्या दिवसभर थांबल्या नाहीत.

"अरे गाढवा!" मामा ओरडले. "जुन्या वस्तूला हात लावायचा नसतो! दोन्ही हात पाठीमागे बांधायचे, दोन पावलं मागे सरकायचं, मान डोलवायची आणि म्हणायचं, 'वा! किती जुनं! अजून पडलं कसं नाही?' समजलं?"

"समजलं मामा. पुढच्या वेळी तसंच."

ठेचा मात्र सगळ्यांनी संपवला.

संध्याकाळी बेटावरच्या एका घरी जेवण होतं. त्या घरची आजी अख्ख्या बेटावर सुगरण म्हणून नावाजलेली. वय नव्वद. सकाळपासून चुलीपाशी उभी राहून तिने द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळला होता, वांग्यांचे थर लावले होते, बकरीच्या दुधाचं चीज भाजलं होतं. पाहुणे आले म्हणताच ती दारात आली, आणि सगळ्यांत पुढे महिपत होता म्हणून तिने त्याला कवेत घ्यायला दोन्ही हात पसरले.

महिपतने तिच्याकडे पाहिलं. वस्तू जुनी होती, यात शंका नव्हती.

त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले. दोन पावलं मागे सरकला. मान डोलवली.

"वा! किती जुनं! अजून पडलं कसं नाही?"

आजीने इरिनीकडे पाहिलं. इरिनीने प्रामाणिकपणे सांगितलं.

आजी आत गेली. भात आत गेला, वांगी आत गेली, चीज आत गेलं, आणि शेवटी दाराची कडीही आतून लागली. आत आजी एकटीच जेवत असल्याचा आवाज येत होता. निंबोडीकर अंगणात रिकाम्या ताटल्या घेऊन ऐकत बसले. हात मागे बांधून महिपतही ऐकत होता.

"अरे करंट्या!" मामांनी कपाळाला हात लावला. "खायच्या ठिकाणी हात मागे बांधतात होय? समोर काही आलं की पटकन उचलायचं, तोंडात घालायचं, बोटं चाटायची आणि म्हणायचं, 'झकास! अगदी ताजं आहे! अजून वाढा!' ही तुझी दुसरी तक्रार. मालनने रडून गोंधळ घातला म्हणून सोडतो."

"बरं मामा. पुढच्या वेळी तसंच."

दुसऱ्या दिवशी संग्रहालय. तिथल्या मुख्य बाई स्वतः सगळं दाखवायला आल्या. शांत, गोऱ्या, चष्मा नाकावर उतरलेला. जमिनीखाली गाडलेल्या एका नगरात त्यांना भटारखाना सापडला होता, आणि भट्टीत जळून कोळसा झालेल्या भाकऱ्या. दोन हजार वर्षांपूर्वीच्या. आजवर कोणाला काचेबाहेर दाखवल्या नव्हत्या. पण पाहुणे इतक्या लांबून आले म्हणून बाईंनी एक भाकरी रेशमी कापडावर ठेवली आणि जपून सगळ्यांसमोर धरली. आधी ती महिपतसमोर आली.

कुर्रम.

कुर्रम, कुर्रम.

महिपतने बोटं चाटली. बोटं काळी झाली होती, तीही स्वच्छ चाटली.

"झकास! अगदी ताजं आहे! अजून वाढा!"

मामा खांबाला धरून उभे राहिले. मालनने पदर तोंडात कोंबला. बाईंनी इरिनीकडे पाहिलं, आणि इरिनीने प्रामाणिकपणे सांगितलं.

बाईंचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या. चष्मा काढून डोळे पुसत म्हणाल्या, "भट्टीत अजून पुष्कळ आहेत. पण त्या भटाऱ्याला बिचाऱ्याला दोन हजार वर्षांत कोणी तरी पहिल्यांदाच चांगलं म्हटलं."

त्यांनी सगळ्यांना आपल्या खोलीत नेलं. तिथे टेबलावर एक ताटली होती. मातीची, लाल, तिच्यावर काळ्या रंगात नाचणाऱ्या बाया. ती शेकडो तुकड्यांत सापडली होती. बाईंनी तरुणपणी जोडायला घेतली आणि केस पांढरे झाले तेव्हा पुरी केली. उद्या तिचा समारंभ होता. आयुष्यभराचं काम आहे, म्हणाल्या, तुम्ही सगळे या.

बाहेर आल्यावर मामांनी महिपतचा कान धरला. "बघितलंस? एकीकडे बाई तुकडा तुकडा जोडतात आणि तू खातोस! नीट ऐक. कुठं काही फुटलेलं दिसलं की सगळे तुकडे गोळा करायचे, डिंक लावून होतं तसं जोडायचं आणि मालकाला नेऊन द्यायचं. म्हणायचं, 'माफ करा, झाली चूक.' कळलं?"

"कळलं मामा. पुढच्या वेळी तसंच."

जाताना महिपतने डिंकाची बाटली विकत घेतली.

त्या संध्याकाळी समुद्राकाठच्या खाणावळीत भाजलेले मासे आणि मधात बुडवलेली मिठाई खायची होती. शेजारच्या अंगणात लग्न होतं. वाद्यं वाजत होती, नवरा-नवरी नाचत होती, आणि नवऱ्याकडची माणसं आनंदाने ताटल्या जमिनीवर आपटत होती. खळ्ळ! खळ्ळ!

महिपतने हातातला घास खाली ठेवला. एवढं नुकसान! तो उठला आणि नाचणाऱ्यांच्या पायांत शिरला. गुडघ्यांवर रांगत त्याने तुकडे गोळा केले. तिथेच मांडी घालून जोडायला बसला. नवरा अडखळला, नवरी त्याच्यावर पडली, वाजवणारे थांबले. तोवर महिपतची एक ताटली जोडून झाली होती. ती त्याने नवऱ्याच्या बापाच्या हातात दिली.

"माफ करा. झाली चूक."

बापाने इरिनीकडे पाहिलं. इरिनीने प्रामाणिकपणे सांगितलं. लग्नात फुटलेली ताटली पुन्हा जोडणं त्या बेटावर इतकं अशुभ, की आजवर कोणाला ते सुचलंही नव्हतं. नवरीची आई मोठ्याने रडायला लागली. मामांनी सगळ्या वऱ्हाडाच्या पाया पडून आपली माणसं बाहेर काढली.

"आता मी काय करू या माणसाचं!" मामांचा आवाज बसला होता. "अरे, इथं ताटली फोडणं म्हणजे आनंद! वाद्यं वाजायला लागली आणि लोकांनी टाळ्या पिटल्या की हातातली ताटली जमिनीवर आपटायची आणि 'ओप्पा!' म्हणून ओरडायचं! जोडायची नाही!"

"आणि हातात ताटली नसली तर?"

"नसली तर गप उभं राहायचं! ही शेवटची संधी. उद्या काही झालं, तर मालनचं नाव काढू नको."

"नाही काढणार मामा. पुढच्या वेळी तसंच."

रात्री मालनने महिपतला पिठलं वाढलं. त्यात तिने मीठ दोनदा घातलं होतं, आणि हे त्यालासुद्धा कळलं. आता मात्र चुकायचं नाही, त्याने ठरवलं. रात्रभर तो मनात घोकत होता: वाद्यं, टाळ्या, ताटली, ओप्पा.

समारंभाला सगळं बेट लोटलं होतं. महापौर आले होते, बँड आला होता, आजीसुद्धा आली होती आणि महिपतकडे पाठ करून बसली होती. मामांनी महिपतला कोपऱ्यात उभं केलं होतं, हात रिकामे.

पण बाईंच्या मनात त्याच्याबद्दल माया. त्या माइकवर म्हणाल्या, "आपल्या भटाऱ्याचं कौतुक करणारा पाहुणा इथे आहे. ताटली त्यानेच मंचावर आणावी." मामा 'नको नको' करेपर्यंत महिपतच्या हातांत पांढरे मोजे चढले आणि मोज्यांत ताटली आली.

बँड वाजला. टाळ्या झाल्या.

खळ्ळ!

"ओप्पा!"

मामा खुर्चीतून घसरून खाली बसले. मालनने डोळे मिटले.

बाई मात्र शांत होत्या. त्यांनी मामांना हाताला धरून उठवलं. "अहो, ही नक्कल होती. खरी ताटली एवढ्या गर्दीत नाचवायला मी काय खुळी आहे?"

मामांना खरं वाटेना. तेव्हा बाईंनी कुलूप उघडून खरी ताटली आणली आणि मामांच्या हातात दिली. "घ्या, बघा. वजनावरूनच कळेल." मामांनी ताटली उलटीसुलटी करून पाहिली. खरी होती. धड होती. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"बाई, मग तुमची तक्रार?"

"कसली तक्रार? इतक्या वर्षांत या माणसाइतकं मला कोणी हसवलं नाही."

आजी वळून बसली. म्हणाली, "माझीही नाही. अजून पडले नाही, हे खरंच आहे." इरिनीने प्रामाणिकपणे सांगितलं.

मामांना आनंद मावेना. पोलीस नाहीत, दंड नाही, तक्रार नाही! आणि समोर पोरगी डोळ्यांत प्राण आणून उभी. "दिली!" ते ओरडले. "सगळ्यांसमोर सांगतो, पोरगी दिली! इकडे ये मालन, तुझा हात याच्या हातात देतो." पण हात द्यायचा तर स्वतःचे हात मोकळे हवेत.

"महिपत," मामा म्हणाले, "धर जरा ही ताटली."

महिपतने धरली.

मामांनी मालनचा हात हातात घेतला. इरिनीने काय चाललंय ते सगळ्यांना प्रामाणिकपणे सांगितलं. लग्न ठरलं म्हणताच बेट उठून उभं राहिलं. बँड वाजला. टाळ्यांचा नुसता पाऊस पडला.

खळ्ळ!

"ओप्पा!"

या वेळी बँड थांबला तो थांबलाच. बाई हळूच तुकड्यांमध्ये खाली बसल्या. त्यांनी वर न बघता हात पुढे केला. महिपतने त्या हातावर डिंकाची बाटली ठेवली.

मग त्याने मामांकडे पाहिलं. मामा मालनचा हात धरून तसेच उभे होते. चेहरा पांढराफटक, ओठ उघडे, डोळे दगडाचे, आणि सबंध शरीर पुढेमागे झुलत होतं.

महिपतने दोन्ही हात पाठीमागे बांधले. दोन पावलं मागे सरकला. मान डोलवली.

"वा! किती जुनं! अजून पडलं कसं नाही?"

आणि मामा पडले.