हिरोजीचे पाय

फार फार जुनी गोष्ट. डोंगरमाथ्यावर एक गाव होतं. लाकूडतोडीने रान उघडं पडू नये म्हणून तिथली रीतच होती, थंडीत अख्ख्या गावाची शेकोटी एकच. तिन्हीसांजेला सगळे तिच्याभोवती गोल करून बसत.

त्या गावात हिरोजी नावाचा आडदांड म्हातारा होता. मनाने लोणी, पण बसायची तऱ्हा अशी की विचारू नका! डावा पाय डावीकडे, उजवा उजवीकडे, दोन्ही सरळ एका रेषेत आणि मध्ये शेकोटी. झालं! अर्धा फेर एकट्या हिरोजीचा, उरलेल्या अर्ध्यात सगळं गाव. पण त्याला बोलणार कोण? सगळ्यांचा लाडका ना तो!

त्या हिवाळ्यात त्याची थोरली बहीण, आक्का, कायमची राहायला आली. हिरोजीला आभाळ ठेंगणं झालं. पण शेकोटीच्या दाटीत आक्काच्या वाट्याला जेमतेम एक चिंचोळी फट यायची. ती खांदा तिरपा करून बसायची, कुडकुडायची, खोकायची.

शेवटी म्हणाली, "हिरू, इथली थंडी नाही रे सोसवत. मी आपली घाटाखाली लेकीकडे जाते."

हिरोजी घाईघाईने म्हणाला, "आक्का, जायचं नाव काढू नकोस! ए, सरका रे मागे सगळे! गोल मोठा करा!"

सगळे मागे सरकले. खांदे मोकळे झाले खरे, पण अर्धा फेर अर्धाच राहिला. उलट आक्का जाळापासून लांब गेली आणि जास्तच गारठली.

"थांब, लाकडं आणतो," म्हणत हिरोजी उठला आणि तरातरा गेला.

लाकडं घेऊन परतला आणि थबकलाच. जाळ तेवढाच होता, माणसंही तीच. पण सगळी जाळाजवळ ऐसपैस बसली होती. आक्का तळवे शेकत चक्क हसत होती!

'अरे देवा! मी उठलो, तेव्हा कुठे आक्काला ऊब मिळाली.' त्याचे डोळे भरून आले. लाकडं खाली ठेवून तो लांबच उभा राहिला.

"हिरू, खांबासारखा उभा काय राहिलास? ये की!"

"नको आक्का, मी पाय पसरतो गं."

"मग आवर की मेल्या! तुझ्याशिवाय मला कसली आलीय ऊब?"

सगळे खो खो हसले. हिरोजी गुडघे छातीशी घेऊन बहिणीशेजारी बसला. आक्काने आपल्या शालीचं टोक त्याच्या पाठीवर टाकलं. घाटाखाली जायचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

तेव्हा बाळांनो, आणि आजोबांनो तुम्हीसुद्धा, ध्यानात ठेवा: शेकोटीसारख्या बिंदूभोवतीचा फेर गोल मोठा केला तरी कधी वाढत नाही; आपल्या पायांमधला कोन आवरला, तरच शेजारच्याला जागा होते.