चौघांनी उचलण्याचा मान

रावसाहेब मोहोळकरांनी गावात सभागृह बांधलं. त्याला नाव स्वतःचं दिलं, व्यासपीठ पुरुषभर उंच केलं आणि वर जायला फक्त पायऱ्या ठेवल्या. गावच्या शाळेत व्हीलचेअरवर बसून शिकवणाऱ्या कुमुदिनीबाईंनी कितीदा तरी विनवलं, "पायऱ्यांशेजारी एक उतार करा." रावसाहेबांचं उत्तर ठरलेलं, "उतारानं शोभा जाते, बाई."

उद्घाटनाला मात्र त्यांना सत्कारासाठी बाईच सुचल्या. मोठेपणा दाखवायला समोर कुणीतरी लागतंच ना! बाई पायऱ्यांपाशी येऊन थांबल्या. रावसाहेबांनी वरूनच माइकवर हुकूम सोडला, "अरे, बघताय काय? चौघं जण या आणि बाईंना उचला!" टाळ्या पडल्या.

कार्यकर्ते बाह्या सरसावून धावले. बाईंनी त्यांना हातानं थांबवलं आणि वर्गातल्यासारखा खणखणीत आवाज लावला.

"असं कसं, रावसाहेब? तुम्ही अध्यक्ष, वयानंही वडील. पहिला मान तुमचा. आधी तुम्हांला चौघं उचलू देत, मग माझा नंबर."

पहिल्या रांगेतल्या रावसाहेबांच्या पत्नीनं मंगळसूत्र घट्ट धरलं. "अहो बाई, भरल्या सभेत काय हे अभद्र बोलणं!"

"वहिनी," बाई म्हणाल्या, "मघाशी हेच ते मला बोलले, तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवत होतात."

रावसाहेब शाल-श्रीफळ घेऊन धडाधड पायऱ्या उतरले. सत्कार खालीच झाला. महिन्याभरात उतारही झाला. शोभा आहे तिथेच आहे, आणि रावसाहेब अजून स्वतःच्या पायांनी वर चढतात.