येऊ द्या, येऊ द्या

गाड्यांना माणसांपेक्षा जास्त तोंड होतं, त्या काळातली गोष्ट. भटकी नावाच्या कॅम्परव्हॅनला रिव्हर्समध्ये परसात शिरायचं होतं, आणि परसाच्या टोकाला बिनकठड्याची विहीर होती. मागचे दोन्ही दिवे तिने आधीच फोडून घेतले होते. आता चुकली तर थेट तळ. म्हणून ती मदतनीस शोधू लागली.

एसटी स्टँडवर वाढलेला पोपट लगेच सुरू झाला, "येऊ द्या, येऊ द्या."

"आणि थांबा कधी म्हणतोस?"

"ते शिकायच्या आत मला विकलं, बाई."

परदेशात शिकून आलेला, तिच्या मागच्या बंपरवरचा सेन्सर तर गवताची काडी दिसली तरी टीं टीं करी. भटकी म्हणाली, "भाऊ, तुझं ऐकलं तर मी इथंच गंजेन."

तेवढ्यात विहिरीच्या अलीकडे अंडी उबवत बसलेली कोंबडी म्हणाली, "मला शिक्षण नाही गं. पण माझी अकरा अंडी तुझ्या चाकाच्या वाटेत आहेत. सावकाश ये, मी सांगते."

तिच्या शब्दावर भटकी इंचाइंचाने मागे गेली आणि अंड्यांपासून वीतभर अलीकडे थांबली.

पोपट फुरंगटला. "हिला गाड्यांतलं काय कळतं?"

"काही नाही," भटकी म्हणाली. "पण माझं चुकलं, तर आधी तिची अंडी फुटतात. तुझं काय फुटतं?"